उद्घाटनासाठी थांबलेले चाळीस बोर्ड

पाण्याचा थेंब बोर्डावर किती वेळ टिकतो हे बघायची नोकरी मी चौदा वर्षं केली. सहकारी कारखान्याच्या कागदावर माझ्या हुद्द्याला लांबलचक नाव होतं, पण काम एवढंच. खिशात इंजेक्शनची सिरिंज, सिरिंजमध्ये पाणी, बोर्डावर एक थेंब आणि नजर घड्याळाच्या काट्यावर. थेंब गोटीसारखा बसून राहिला की बोर्ड नापास. पसरून आत जिरला की पास. कारण याच बोर्डावर पुढे गोंद लावून रंगीत लॅमिनेट चिकटवायचं असे, आणि गोंदात निम्मं पाणीच असतं. जिथे पाण्याला थारा नाही तिथे गोंदालाही नाही.

दुष्काळात हे काम जरा लाजिरवाणं दिसे. टँकर दिवसाआड यायचा. गेटबाहेर घागरींची रांग, आणि मी आत बोर्डांवर थेंब टाकत बसलेला. प्रेसवरचा मिस्त्री दिंद्रुडहून सायकलवर यायचा. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, जिभेनं तिखट. तो म्हणायचा, "केमिस्टसायेब, दिवसाचे शंभर थेंब तुमचे. महिन्याला एक पेला होतोय. आमच्या बकरीला तरी पाजा."

"बकरीला पाजल्यावर बोर्ड कोण पास करणार?"

"बकरीच करंल. चाटून सांगंल."

आमचा बोर्ड विभाग मूळचा साखर कारखान्याच्या कडेला, उसाच्या चोथ्यावर चालणारा. पाऊस दोन वर्षं फिरकला नाही तेव्हा ऊस गेला, उसाबरोबर चोथा गेला, आणि संचालक मंडळानं विभागाला कुलूप लावायचं जवळजवळ ठरवलं. तेव्हा पऱ्हाटीचा विचार पुढे आला. कापूस वेचून झाल्यावर रानात उभ्या राहतात त्या काड्या. दुष्काळात बोंड धरत नाही, पण काडी वाढते. तिला कुणी विचारत नाही म्हणूनच की काय, ती हटकून वाढते. बायका ती चुलीत घालत. आम्ही तिचा भुगा केला, त्यात राळ आणि मेण घातलं आणि तापत्या प्रेसखाली दाबून त्याचे बोर्ड केले.

मेण घालायचं ते बोर्डात पाणी शिरू नये म्हणून. मग तेच मेण वर येऊन गोंदालाही शिरू देत नसे. म्हणजे आपणच दारावर पहारेकरी बसवायचा आणि त्यानं पाहुण्यांनाही हाकलायचं, अशातला प्रकार. त्यावर उपाय म्हणजे पॉलिश पेपरनं घासणं. जास्त घासलं तर बोर्ड पातळ होतो, कमी घासलं तर मेण राहतं. किती घासायचं हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ते माझ्या तळहातात होतं. डोळे मिटून हात फिरवला की कुठे मेण राहिलंय ते मला कळायचं. आमच्या तालुक्यात हे कळणारा दुसरा माणूस नव्हता. असावा असं कुणाला वाटतही नव्हतं, पण तो भाग वेगळा.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझे साडू.

साडू हे नातं आपल्याकडे फारसं कुणी तपासून पाहिलेलं नाही. भावाभावांच्या वैरावर पोथ्याच्या पोथ्या आहेत, सासू-सुनांवर तर ओव्यांचे ढीग आहेत. पण दोन परक्या घरांतली माणसं, केवळ दोन बहिणींशी लग्न केलं म्हणून, दरवर्षी एकाच पंगतीला शेजारी बसवली जातात आणि वाढणारी सासू कुणाच्या पोळीवर तुपाची धार लांबवते हे दोघंही चोरून बघतात, यावर मी तरी काही वाचलेलं नाही. आमची सासुरवाडी धर्मापुरीची. मी मोठा जावई. पहिली सहा वर्षं तुपाची धार माझीच होती. मग धाकटीचं लग्न झालं आणि नवरदेव निघाला मूळचा आपल्याच भागातला, पण पुण्याच्या एका संशोधन संस्थेतला इंजिनीअर.

माणूस वाईट असता तर गोष्ट सोपी होती. पण तो नम्र होता. मला दादा म्हणायचा, जेवण झाल्यावर स्वतःचं ताट उचलायचा, सासऱ्यांचा रेडिओ दुरुस्त करायचा. माझ्याशी बोलताना माझ्या कामाबद्दल विचारायचा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकायचा. हे शेवटचं मला सर्वांत जास्त खुपायचं, कारण माझं उत्तर पूर्ण ऐकणारा तोच एक माणूस होता.

एका दिवाळीला मी त्याला मेणाची अडचण सांगितली. सांगितली म्हणजे, ती मी तळहातानं कशी सोडवतो याची बढाई मारली. त्यानं ती पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाला, "दादा, आमच्याकडं एक मशीन हाय. चाचणीसाठी तुमच्याकडं आणू का?"

मी हो म्हणालो. पंगतीत सगळ्यांसमोर विचारल्यावर दुसरं काय म्हणणार?

मशीन फाल्गुनात टेम्पोतून आलं. दिसायला उसाच्या रसाच्या गुऱ्हाळातल्या चरकासारखं, फक्त स्वच्छ. वर एक पट्टी, खाली एक पट्टी, मधल्या फटीतून बोर्ड सरकवायचा. दोन्ही पट्ट्यांत जबरदस्त दाबाची वीज सोडली की मधली हवाच पेट घेते, पण आगीसारखी नाही. जांभळी, थंड, चरचरणारी. त्याला प्लाझ्मा म्हणतात. त्या जांभळ्या उजेडाखालून बोर्ड तीन सेकंदांत जातो आणि वरचं मेणाचं बारीक कवच मोडून निघतं. बोर्ड पातळ होत नाही, धूळ उडत नाही, काही घासावं लागत नाही.

पहिल्या दिवशी सगळा विभाग भोवती उभा होता. साडूनं बटण दाबलं, फटीत जांभळी रेघ उमटली, आणि शेडमध्ये एक वास पसरला. वीज कडाडल्यावर येतो तो. दोन वर्षांत तो वास कुणाच्या नाकाला आला नव्हता. भुगा चाळणाऱ्या बायका हातातलं काम टाकून पत्र्याच्या दाराशी गेल्या आणि आभाळाकडे बघून परत आल्या.

मिस्त्री म्हणाला, "वास तर सोडलाव पाव्हणं, आता पाडून बी दाखवा."

साडू हसला आणि बोर्ड माझ्यापुढे धरला. "दादा, थेंब तुमी टाका."

मी सिरिंज काढली. थेंब टाकला. तो बसलाच नाही. सुईच्या टोकाखालून बोर्डावर उतरला आणि तिथल्या तिथे सपाट पसरून दिसेनासा झाला. एक ओला डाग तेवढा राहिला. चौदा वर्षांत मी इतका तहानलेला बोर्ड पाहिला नव्हता. आणखी एक टाकला. तोही गेला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझ्या तळहाताचा त्या दिवशीचा शेवटचा उपयोग तोच झाला.

त्या पहिल्या बोर्डावर साडूनं लगेच गोंद लावून लॅमिनेट दाबलं. कोपऱ्याला नख घालून मी आणि मिस्त्रीनं जोर लावून पाहिला. मिस्त्रीचं नख मोडलं. नमुन्याचा तो तुकडा कुणाच्याच कामाचा नव्हता म्हणून साडूनं कापून, कडा गोल करून माझ्या बायकोला स्वयंपाकघरातल्या कट्ट्याशेजारी फळी म्हणून बसवून दिला. बायको तीन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ती फळी दाखवत होती. मी त्याच घरात तिला मांडणीसाठी दोन वर्षांपासून बोर्ड आणून देणार होतो, हे तिनं एकदाही बोलून दाखवलं नाही. न बोलणं तिला चांगलं जमतं.

आता खरा प्रश्न. एका शिक्षण संस्थेला शाळांसाठी बाकं हवी होती. बाकांचे वरचे चाळीस पृष्ठभाग नमुना म्हणून आम्ही द्यायचे, शाळेत दोन महिने वापरून ते टिकले तर सगळी ऑर्डर आमची. ऑर्डर मिळाली तर बोर्ड विभाग चालू राहणार होता, नाहीतर पुन्हा कुलुपाचा विषय होता. आणि बोर्ड टिकले तर मशीन कायमचं राहणार होतं, त्यासोबत साडूही, विभागप्रमुख म्हणून. चेअरमनसाहेबांनी तसं बोलूनही टाकलं होतं. विभागात पंखा असलेली खोली एकच, माझी. ती त्याची झाली असती. मला विभाग चालायला हवा होता आणि मशीन चालायला नको होतं. दोन्ही एकदम कसं जमावं याचा विचार मी केला नव्हता. मत्सर करणारा माणूस पुढचा विचार करतो, ही कथाकादंबऱ्यांतली समजूत आहे.

चेअरमनसाहेबांबद्दल थोडं सांगायला हवं. माणूस दिलदार, गावात कुणाच्याही मयतीला पहिला हजर, पण उद्घाटनाचं त्यांना वेड. आमच्या वजनकाट्याचं उद्घाटन तीनदा झालं. दुसऱ्यांदा नुसता रंग दिल्यावर आणि तिसऱ्यांदा काटा बंद असताना. पाऊस नसेल, ऊस नसेल, पण संगमरवरी कोनशिलांचा दुष्काळ आमच्या आवारात कधी पडला नाही. प्रत्येकीवर त्यांचं नाव पाहुण्यांच्या नावाच्या खाली, पण अक्षर जरा जाड.

साहजिकच, चाळीस बोर्डांवर लॅमिनेट चिकटवणाऱ्या प्रेसचं बटण एका मंत्र्यांनी दाबायचं ठरलं. सोमवारी अकरा वाजता. मांडव पडला. सोमवारी सकाळी साडूनं चाळीसच्या चाळीस बोर्ड जांभळ्या उजेडाखालून काढले, मी प्रत्येकावर एक थेंब टाकला, चाळीस थेंब गेले. मी वहीत लिहिलं: लगेच. चाळीस वेळा लगेच.

साडेदहाला फोन आला. मंत्र्यांचा दौरा पुढे गेला. गुरुवार.

आणि त्याच दुपारी पुण्याहून फोन आला की माझ्या मेहुणीला दवाखान्यात नेलंय. पहिलं बाळंतपण. साडूनं पिशवी उचलली. निघताना मला शेडच्या दाराशी बाजूला घेतलं.

"दादा, आजच गोंद लावून प्रेस करून टाका. हे थांबत न्हाई. मेण खालून परत वर येतं, हवेतली धूळ बसते, दोन-चार दिवसांत असर उतरतो. पाहुण्यांना बटण दाबायला दोन बोर्ड आयत्या वेळी काढून द्या. मशीन तुमाला चालवता येतंय."

"येतं," मी म्हणालो.

"आन् थांबवावंच लागलं तर कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सगळे परत एकदा काढा. दोन तासांचं काम हाय."

"जावा तुमी. इकडची काळजी करू नका."

हे सगळं मशीनसोबतच्या पुस्तिकेतही लिहिलेलं होतं. मी ती दोनदा वाचली होती. कारखान्यात ती वाचलेला मी एकटाच.

तासाभरानं चेअरमनसाहेब शेडमध्ये आले. बोर्ड ओळीनं भिंतीला लावून ठेवले होते. म्हणाले, "हे असेच राहू द्या. सायेबांनी बटण दाबायचं आन् प्रेसमध्ये जुना माल, असलं नाटक नको. फोटोत चाळीस दिसले पायजेत."

मग निघता निघता थांबले. माणूस हुशारच. "ठिवले तर काय बिघडंल का हो, केमिस्ट?"

त्या एका प्रश्नावर मी आजवर खूप विचार केला आहे. उत्तर चार शब्दांचं होतं: सकाळी परत काढावे लागतील. मी ते दिलं नाही. मी म्हणालो, "मशीन काय माझं न्हाई सायेब. त्यांनी आणलंय, त्यांनाच विचारलेलं बरं."

"त्याच्या घरी बाळंतपण हाय. कशाला तरास द्यायचा?" ते म्हणाले. "मशीनमधून एकदा काढला म्हणजे काढला. अभिषेक काय कुणी रोज करतंय का एकाच पिंडीला?"

रोजच करतात, धर्मापुरीच्या देवळात मी स्वतः पाहिलंय. पण मी तेही बोललो नाही.

मंगळवारी सकाळी मी थेंब टाकला. दोन सेकंद बसला, मग पसरला. मी वहीत लिहिलं. बुधवारी आठ सेकंद. बुधवारी संध्याकाळी साडूचा फोन आला. मुलगी झाली होती. मी अभिनंदन केलं. तो म्हणाला, "दादा, बोर्ड?"

"कार्यक्रम पुढं गेलाय. सगळं व्यवस्थित हाय."

दोन्ही वाक्यं खरी होती. गुरुवारचा कार्यक्रम दुपारीच रविवारवर गेला होता, आणि माझ्या दृष्टीनं सगळं फारच व्यवस्थित चाललं होतं. त्यानं विश्वास ठेवला. माझं उत्तर तो नेहमीच पूर्ण ऐकायचा.

गुरुवारी पंधरा सेकंद. शुक्रवारी थेंबाला कड आली. कड म्हणजे काय ते थेंब बघणाऱ्यालाच कळतं. पसरलेलं पाणी आखडायला लागतं, फुगतं. शनिवारी तो अर्ध्या गोटीसारखा बसला आणि मी मिनिट मोजलं तरी बसूनच होता. त्याच्यात शेडच्या छताचा पत्रा उलटा दिसत होता. मला तो थेंब अतिशय आवडला. एवढ्या वर्षांत मी थेंबावर एवढं प्रेम केलं नव्हतं. रोज सकाळी आठला मी इतर कुणी यायच्या आत शेडमध्ये जात होतो, चाळीसातले तेच पाच बोर्ड, त्याच जागेच्या शेजारची जागा, तीच सुई. चौदा वर्षांच्या नोकरीत मी इतकं नेटकं काम केल्याचं मला आठवत नाही.

मिस्त्रीनं शनिवारी मला पाहिलं. बोर्डावरच्या गोटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "केमिस्टसायेब, ह्यो नापास हाय नव्हं?"

"बघू," मी म्हणालो.

"बघू म्हंजी?"

"उद्घाटन झाल्यावर बघू."

मिस्त्री सायकलची घंटी उगाच एकदा वाजवून गेला.

रविवारी मंत्री आले. दोन तास उशिरा, पण आले. बोर्डांना हळद-कुंकू लागलं, सगळ्यांत वरच्या बोर्डावर नारळ फुटला आणि नारळाचं पाणी त्यावरून मोत्यासारखं घरंगळत खाली मांडवातल्या सतरंजीवर गेलं. एकही थेंब जिरला नाही. चारशे माणसांच्या डोळ्यांसमोर माझी चाचणी झाली आणि बोर्ड नापास झाला, आणि चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. मला हसू आवरेना म्हणून मी रुमाल तोंडाला धरला. माझ्या शेजारचे संचालक म्हणाले, "भावना दाटून येतात कधीकधी."

मंत्री भाषणात म्हणाले की आपल्या मराठवाड्याच्या मातीतली काडी आता जगाच्या बाजारात जाईल. बटण दाबलं. प्रेस खाली आला. फोटोत चाळीस दिसले.

लॅमिनेट बसलंही. असा माल लगेच सुटत नाही, हेच त्यातलं वाईट. बाकं शाळेत गेली. उन्हाळ्याच्या तोंडाला परीक्षा होत्या. मुलांच्या हातांना घाम, वरून पत्र्याचं ऊन. पहिल्यांदा कोपरे उचलले. मग मुलांनी ते आणखी उचलले, कारण उचललेला कोपरा समोर असताना गणिताचा पेपर सोडवणं कुणाही मुलाला कठीण आहे. दोन महिने संपायच्या आत बाकं टेम्पोत भरून परत आली, लॅमिनेटच्या जिभा बाहेर लोंबत.

चेअरमनसाहेबांनी संचालकांची बैठक बोलावली आणि साडूला पुण्याहून बोलावलं. मलाही बसवलं. साडू आदल्या दिवशी संध्याकाळी आला, घरी न येता थेट शेडमध्ये गेला आणि तासभर त्या बाकांजवळ होता. मी त्या वेळी मुद्दाम साखर विभागाच्या प्रयोगशाळेत होतो. तिथे मला काही काम नव्हतं.

बैठकीत संचालक एकामागून एक बोलले. मशीन फसवं आहे. पुण्याचे लोक येतात, जांभळा उजेड दाखवतात आणि जातात. एक म्हणाले, "आमच्या केमिस्टचा हात होता तवा एक कोपरा सुटत नव्हता." माझ्या आयुष्यातलं हे जाहीर ठिकाणचं पहिलं कौतुक. मी ते वहीवर नजर ठेवून ऐकलं.

मग साडू उठला. मला वाटलं, आता. तो सांगेल की जाताना आपण बजावून गेलो होतो, कुणाला बजावलं तेही सांगेल. माझं उत्तर तयार होतं: कार्यक्रम चेअरमनसाहेबांच्या हातात होता, माझ्या नाही. हे उत्तर मी अंघोळ करताना पाठ केलं होतं.

तो म्हणाला, "चूक माझी आहे. प्रक्रिया केलेले बोर्ड थांबवायचे नसतात, हे मी कारखान्याला लेखी द्यायला पाहिजे होतं. दिलं न्हाई. माझ्या गडबडीत राहून गेलं. मशीनचा दोष न्हाई, आन् इथल्या कुणाचाबी न्हाई."

आणि बसला. चेअरमनसाहेबांनी घसा साफ केला आणि मशीन परत पाठवायचा ठराव झाला. सर्वानुमते. हात वर करायला मला मत नव्हतं.

बाहेर मी त्याला वजनकाट्याजवळ गाठलं, तिसऱ्या कोनशिलेपाशी. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. म्हणालो, "पाव्हणं, तुमी मला सांगितलं होतं की."

"हो."

"मग?"

"दादा, तुमची थेंबाची वही शेडमधल्या टेबलावरच होती. काल वाचली मी." त्याचा आवाज चढला नाही. "सोमवार ते शनिवार. तुमाला इथंच राहायचं हाय. मला जायला जागा हाय. आन् दोघी बहिणींनी एकमेकींच्या घरी जायचं बंद करावं, असं हे बोर्ड काही मोठे न्हाईत."

तो टेम्पोकडे वळला, पुन्हा मागे फिरला. मला वाटलं आता तरी शिवी देईल. निदान एक, मराठवाड्याच्या माणसाला साजेल अशी. त्यानं विचारलं, "ती वही मला द्याल का? पऱ्हाटीच्या बोर्डावर असर कसा उतरतो, त्याची इतकी नीट रोजची नोंद आमच्याकडं कुणी ठेवलेली न्हाई. तेच बोर्ड, तीच वेळ. खरंच लई चांगलं काम हाय, दादा."

टोमणा असता तर मी त्याला माफ केलं असतं. टोमणा नव्हता. त्याला खरोखर ती वही हवी होती.

"शोधून देतो," मी म्हणालो.

पुढच्या हंगामात बोर्ड विभागाला कुलूप लागलं. माझा तळहात एका शाळेच्याही कामाला आला नाही, कारण शिक्षण संस्थेनं लोखंडी बाकं घेतली. मिस्त्री दिंद्रुडला पिठाच्या गिरणीवर बसला. भुगा चाळणाऱ्या बायका कुठे गेल्या ते मी विचारलं नाही. मला साखर विभागाच्या प्रयोगशाळेत सामावून घेतलं. ऊस परत आला होता. पंखा असलेली खोली भांडारगृहाला मिळाली. साडूनं तेच मशीन आणखी कुठल्या तरी कारखान्यात लावलं, तिथे ते चाललं, आणि धर्मापुरीच्या पंगतीत हे सासऱ्यांनी मला तुपाची वाटी पुढे करत सांगितलं. साडूनं त्यांना अर्ध्यावर थांबवलं आणि विषय बदलला. ते पूर्ण ऐकून घ्यायची शिक्षाही त्यानं मला भोगू दिली नाही.

वही अजून माझ्याकडेच आहे. तो दर दोन-तीन वर्षांनी विचारतो, मी शोधतोय म्हणतो. ती कुठे आहे हे मला नीट माहीत आहे: स्वयंपाकघरातल्या त्या फळीखालच्या खणात, रेशनकार्डाच्या खाली.

फळीला आता बरीच वर्षं झाली. तिच्यावर रोज गरम पातेली टेकतात, आमटी सांडते, पोळपाटाचा ओला पाय असतो. निवृत्त झाल्यापासून सकाळचा चहा मी तिथेच उभ्यानं घेतो. कप ठेवायच्या आधी डाव्या कोपऱ्याखाली अंगठ्याचं नख घालून बघायची मला सवय लागली आहे.

परवा बायकोनं पाहिलं. पोळी लाटता लाटता म्हणाली, "काय करताव?"

"बघतोय, निघतोय का."

"न्हाई निघायचा," ती म्हणाली. "भाऊजींनी बसवलाय."